साठ फॉर्म आणि आंद्रादे सर

आंद्रादे सरांबद्दल चांगलं लिहावं की खरं लिहावं, हे ठरवायला मला बराच वेळ लागला. चांगलं लिहिलं तर ते त्यांना स्वतःलाच पटलं नसतं, आणि खरं काय ते मला अजून नीट ठाऊक नाही. त्यांनी माझ्या बाबतीत जे केलं ते माझ्या भल्यासाठी केलं, की तो त्यांचा स्वभावच होता म्हणून केलं, ही शंका तेव्हाही होती आणि आजही पूर्ण गेलेली नाही. म्हणून जेवढं पाहिलं तेवढंच लिहिते.

सर आम्हाला वसईच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी विरारच्या फुलपाड्याहून यायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कुठे काय विचारायचं आणि काय विचारलं तर हसतील, याचा अंदाज नव्हता. पहिल्या तासाला सरांनी हजेरी घेतली. प्रत्येक नावाला मान वर करून चेहरा बघायचे, मग खूण करायचे. माझ्यापाशी थांबले.

"नाव?"

"सुलभा पडवळ."

"कशावरून?"

मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. "सर, माझं नावच आहे ते."

"तेच विचारतोय. कशावरून?"

मी ओळखपत्र काढून धरलं. सरांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. "हे कार्ड कॉलेजने कशावरून केलं? शाळेच्या दाखल्यावरून. दाखला कशावरून? तुझ्या वडिलांनी शाळेत सांगितलं त्यावरून. म्हणजे तुझं नाव सुलभा आहे ही तुझ्या वडिलांकडून आलेली बातमी आहे. बस खाली. बातमी बहुधा खरी असावी."

वर्ग हसला. मी मात्र घरी जाऊन बाबांना खरोखरच विचारलं, "तुम्ही शाळेत माझं नाव काय सांगितलं होतं?" बाबा घाबरून म्हणाले, "सुलभा. का? त्यांनी काय लिहिलंय?"

सर पन्नाशी ओलांडलेले, उंच, थोडे पोक काढून चालणारे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि नखांत कायम थोडी माती, कारण गिरीजला त्यांची केळी-नारळाची वाडी होती आणि सकाळचं शिंपणं ते स्वतः करायचे. वाडीतून सायकलने कॉलेजात यायचे. सायकलला दोन कुलपं असायची. एकदा शिपायाने विचारलं, दोन कशाला? सर म्हणाले, "एक चोरासाठी. दुसरं पहिल्या कुलपाच्या कारखानदारासाठी."

मुलं त्यांना मागून 'कशावरून' म्हणायची. 'आज कशावरून आलाय का?' असं कोणी विचारलं की बाहेरच्या माणसाला काही कळायचं नाही.

मलाही आधी वाटायचं की हा माणूस जगातल्या प्रत्येकाला चोर समजतो. शनिवारी सकाळी मी एकदा त्यांना बाजारात पाहिलं. कांदेबटाटे विकणारी एक बाई खाडीकडच्या गावातून यायची, तिच्यासमोर ते उकिडवे बसले होते. पिशवीतून त्यांनी अर्ध्या किलोचं स्वतःचं वजन काढलं.

बाई म्हणाली, "आज पन वजन घेऊन आलात, सर? बायकोला पन असीच तोलून आनली का?"

"तेव्हा तराजू नव्हता," सर म्हणाले आणि त्यांनी एका पारड्यात तिचं अर्ध्या किलोचं माप ठेवलं, दुसऱ्यात आपलं. तिचं पारडं खाली गेलं. सरांनी ते दोनतीनदा उलटसुलट करून पाहिलं. मग तिच्याकडून घेतलेल्यातला एक बटाटा पिशवीतून काढून तिच्या ढिगावर परत ठेवला.

"तुझं माप जड आहे. तू लोकांना जास्त देते आहेस."

"अवो, र्‍हाऊ द्या. एका बटाट्यानं काय मी बुडत नाय."

"कशावरून? किती वर्षं वापरतेस हे माप?"

बाई उत्तर द्यायला गेली आणि थांबली. बोटांवर काहीतरी मोजायला लागली. मग एकदम चिडली. "जावा तुमी! सकाळी सकाळी डोक्याला भुंगा लावला माज्या."

सर उठले ते समाधानाने वगैरे नव्हे. त्यांच्या चेहऱ्यावर नवी काळजी होती. मला बघून म्हणाले, "माझंच वजन हलकं असलं तर?" आणि पलीकडच्या वाण्याकडे ते तपासायला निघून गेले.

उत्तरपत्रिकाही ते अशाच तपासायचे. नावावर कागदाची पट्टी चिकटवून एकदा, आणि आठवड्याने पुन्हा एकदा, आधीचे गुण न बघता. दोन्ही वेळचे गुण वेगळे आले की शेवटच्या पानावर लिहायचे, 'पहिल्या वेळी परीक्षक कंटाळला होता असे दिसते.' माझ्या एका पेपरावर ते वाक्य आहे. तो पेपर मी जपून ठेवलाय. त्यात माझे गुण दोनने कमी झाले होते.

एकदा माझ्या प्रकल्पाची प्रश्नावली आणायला मी गिरीजला त्यांच्या घरी गेले होते. सर वाडीत होते. त्यांच्या पत्नी, रोझीबाई, यांनी मला ओट्यावर बसवलं, केळी पुढे ठेवली आणि विचारलं, "तुला पण छळतो का?" मी केळं सोलायला घेतलं. त्या सांगायला लागल्या. लग्नाच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेत, फादरांनी विचारलं, तुम्ही दोघं स्वखुशीने आला आहात ना? रोझीबाई 'होय' म्हणाल्या. तेवढ्यात नवरदेव म्हणाला, "फादर, तिचे वडील पहिल्या बाकावर बसलेत. तिला जरा बाहेर नेऊन विचारा."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? अख्खं देऊळ हसलं. माझा बाप लालबुंद. फादर म्हणाले, बावतीस, गप उभा राहा." रोझीबाई हसत होत्या, पण पुढचं बोलताना त्यांनी आवाज जरा उतरवला. "पण खरं सांगू? मला तोपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं. फादरांनी विचारलं ते सगळ्यांनाच विचारतात. ह्याने विचारलं ते मला."

ही गोष्ट मी मैत्रिणीला, मनीषाला, सांगितली तेव्हा ती म्हणाली, "बाई पळून जाईल अशी भीती असणार त्याला." मलाही तेव्हा तसंच वाटलं.

तिसऱ्या वर्षाला असताना कळलं की आमच्याच कॉलेजात परिषद होणार आहे. विषय होता व्यक्तिभेदांचं मानसशास्त्र. माणसं एकमेकांपासून किती आणि कशी वेगळी असतात, याच्यावर दोन दिवस बोलायला पुण्याहून, नागपूरहून, कुठून कुठून प्राध्यापक येणार होते. सरांनी वर्गात सांगितलं की विद्यार्थ्यांचा एक निबंध घेतला जाईल. माझा प्रकल्प आधीच चालू होता. आमच्या फुलपाड्यातल्या साठ गृहिणींची चिंता मोजायची. प्रश्नावलीत अठ्ठेचाळीस प्रश्न, 'होय', 'नाही' किंवा 'सांगता येत नाही' यापैकी एकावर खूण करायची. सरांनी माझंच नाव दिलं.

घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "पेपर वाचलास, पुस्तिकेत नाव आलं, तर एम.ए.चं बघू. नाहीतर बँकेच्या परीक्षांना बस." बाबा एका कंपनीत फिटर होते. त्यांना वाईट वाटू द्यायचं नव्हतं, पण मला एम.ए. करायचंच होतं. त्या पेपरावर माझं पुढचं सगळं अवलंबून होतं.

आता माझी चूक सांगते. आमच्या बिल्डिंगमध्ये फॉर्म भरणारी एकच होती, मी. रेशनकार्डात नाव चढवायचं असो, गॅसचा नंबर लावायचा असो, नाहीतर मुलाला शाळेत घालायचं असो, बायका दाराशी उभ्या राहून चार गोष्टी सांगायच्या, खाली सही करायच्या आणि भाजी टाकायला निघून जायच्या. बाकीचं मी भरायचे. चौथीपासून भरत होते. सगळ्यांच्या जन्मतारखा मला पाठ होत्या. सरांनी बजावलं होतं, 'प्रत्येकीने एकटीने, स्वतःच्या हाताने भरायचा.' मी ते ऐकलं होतं. पण 'अर्ज स्वच्छ अक्षरात भरावा' असं छापलेलं असतं ना, तशीच ती एक सूचना आहे असं मला वाटलं.

वरच्या मजल्यावरच्या राणेकाकूंकडे गेले तर त्या पोळ्या लाटत होत्या. "परत फॉर्म? आता कसला गो?"

"मनाचा आहे, काकू. तुम्हाला काय वाटतं त्याचा."

"माझ्या मनाचं तुला काय म्हायत नाय? तूच भर."

मी पाच प्रश्न वाचले, त्यांनी पाच उत्तरं दिली. सहाव्याला म्हणाल्या, "पुढचं तसंच लिही." मी तसंच लिहिलं. खोटं लिहितेय असं क्षणभरही वाटलं नाही. काकूंना मी लहानपणापासून ओळखत होते. साठांपैकी निम्मे फॉर्म तरी असेच झाले. माझ्या आईचा तर मी तिला न विचारताच भरला. ती आत तांदूळ निवडत होती आणि मी बाहेर बसून तिच्या झोपेवर, भीतीवर, एकटेपणावर खुणा करत गेले. सात मिनिटं लागली असतील.

सरांनी फॉर्म घेतले, मोजले आणि कपाटात टाकून कुलूप लावलं. "प्राप्तांक तू काढलेस, बरं. हे माझ्याकडे राहू देत."

एक आठवडा गेला, दुसरा गेला. फॉर्म परत मिळेनात. मग परिषदेची छापील पुस्तिका आली आणि त्यात आमचा निबंध होता. नावं होती, प्रा. बावतीस आंद्रादे आणि कु. सुलभा पडवळ. त्यांचं आधी.

मनीषाने पुस्तिका माझ्या हातातून घेतली. "गेला तुझा पेपर. म्हणून कुलपात ठेवलाय."

"सर तसे नाहीत गं."

"कशावरून?" मनीषा म्हणाली.

त्यानंतर मी सरांवर नजर ठेवायला लागले. स्टाफरूमच्या दारावरून उगाच चारदा जायचे. एकदा कपाट उघडं होतं आणि सर माझे फॉर्म टेबलावर पसरून, भिंग घेऊन बघत होते. मला बघताच त्यांनी वर रुमाल टाकला. त्या रुमालाने माझी खात्रीच पटली.

आणि परिषदेच्या चार दिवस आधी राणेकाकू जिन्यात भेटल्या. "तुझे ते सर आले होते गो दुपारी. उंच, वाकलेले. मी म्हटलं बसा, तर म्हणतात आधी ओळखपत्र बघा माझं. माझी झोप विचारत होते."

"तुमच्याकडे? कशाला?"

"माझ्याकडे, सावंतीणीकडे, तळमजल्यावरच्या पाटलीणीकडे. एकेकीला वेगळं बसवून. तुझ्या आईकडे पण."

माझं डोकं तापलं. माझ्या पाठीमागे माझ्या घरी! दुसऱ्या दिवशी धीर करून स्टाफरूममध्ये गेले. "सर, तुम्ही फुलपाड्याला गेला होतात. दुसऱ्या कोणाचे फॉर्म तपासायला त्यांच्या घरी गेलात का कधी?"

"गेलो. प्रत्येकाच्या. तुला कळलं, बाकीच्यांना कळलं नाही, एवढाच फरक." त्यांनी खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. "सात जणींकडे गेलो. सातही जणींनी फॉर्ममध्ये आहे त्याहून वेगळं सांगितलं. आता यात तीन शक्यता आहेत. त्या तेव्हा खोटं बोलल्या, किंवा माझ्याशी खोटं बोलल्या, किंवा..."

"आईने काय सांगितलं?"

"ते सांगता येणार नाही."

"सर, माझी आई आहे ती!"

"म्हणूनच. तिने मला सांगितलं, तुला नाही." त्यांनी चष्मा पुसला. "एवढंच सांगतो, बऱ्याच ठिकाणी वेगळं आहे. आणखी एक. साठ बायका आहेत आणि निम्म्या फॉर्मांवरच्या खुणेची शेपटी एकसारखी वर गेलीय. कशी काय, ते मी तुला विचारत नाही. परिषदेला अजून तीन दिवस आहेत."

त्यांना सगळं कळलं होतं, तरी त्यांनी ना मला दटावलं, ना माझा पेपर काढून घेतला. हे मला जास्तच संशयास्पद वाटलं. चारचौघांत उघडं पाडायला ठेवलंय, असं मी धरून चालले.

घरी आई भाकऱ्या थापत होती. मी तिच्या पाठीकडे बघत उभी राहिले.

"सर आले होते ना?"

"आले होते. च्या नको म्हणाले."

"तू काय सांगितलंस त्यांना?"

"ते म्हणाले, कोणाला सांगायचं नाय." भाकरी तव्यावर टाकून ती किंचित हसली. "तुलापण नाय."

'रात्री शांत झोप लागते का?' मी 'होय' केलं होतं. 'आपलं कोणी ऐकून घेत नाही असं वाटतं का?' नाही. 'घर सोडून कुठेतरी निघून जावंसं वाटतं का?' नाही. यातलं कुठलं चुकलं होतं? तीन दिवस मी आईला चोरून बघत होते. ती गॅलरीत जरा जास्त वेळ उभी राहिली तरी मी काहीतरी निमित्त काढून बाहेर डोकावायचे. ती पदराने तोंड पुसायची तेव्हा घाम पुसते की डोळे, हे मला वीस वर्षांत कधी पाहावंसं वाटलं नव्हतं.

परिषदेच्या दिवशी मी आईची साडी नेसून गेले. दाराशी नोंदणीचं टेबल होतं. मला एक फोल्डर, पेन आणि छातीवर लावायला नावाची चिठ्ठी मिळाली. फोल्डर संध्याकाळी परत करायचा असतो का, हे विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून मी तो दिवसभर उघडलाच नाही. सभागृहात सगळ्यांच्या छातीवर सारखी चिठ्ठी, सगळ्यांच्या मांडीवर सारखा फोल्डर, आणि मंचावरचे पाहुणे सांगत होते की कुठलीही दोन माणसं सारखी नसतात. एकाने प्रोजेक्टरवर ट्रान्सपरन्सी उलटी ठेवली आणि आलेख छताकडून जमिनीकडे आला. मागच्या रांगेतून सर म्हणाले, "उलटं आहे," आणि मग स्वतःशीच, पण ऐकू येईल असं, "निदान मला तसं दिसतंय."

जेवणानंतर माझं नाव पुकारलं. बाबा अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते आणि दारापाशी उभे होते, बसा म्हटलं तरी बसत नव्हते. मी वाचलं. दहा मिनिटं कशी गेली कळलं नाही. टाळ्या वाजल्या. अध्यक्ष पुण्याचे एक वयस्क प्राध्यापक होते. ते म्हणाले, "छान. उत्तरांत इतकी सुसंगती फार क्वचित दिसते. मुलीने मेहनत घेतलीय. कोणाला काही विचारायचं आहे?"

मी मागच्या रांगेकडे बघितलं. सरांचा हात वर नव्हता. ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते आणि मान खाली होती. मी वाट बघत राहिले. ते विचारतील, मी पकडली जाईन, आणि निदान संपेल तरी. पण त्यांनी विचारलंच नाही. आयुष्यात प्रत्येकाला 'कशावरून' विचारणारा माणूस नेमका तेव्हा गप्प बसला.

अध्यक्ष पुढचं नाव घ्यायला लागले तेव्हा मीच म्हणाले, "सर, मला एक सांगायचंय. यातले निम्मे फॉर्म मी भरलेत."

"म्हणजे?"

"बायकांनी नाही. मी भरलेत. मला वाटलं मला माहीत आहे." मी कागद उलटा ठेवला. "माझ्या आईचाही मीच भरला. तो चुकला. किती चुकला ते मला माहीत नाही."

सभागृहात कुजबुज झाली. कोणीतरी हसलं. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "मग हे वाचलंच कशाला? दोन दिवस फुकट घालवायला बोलावलंय का आम्हाला?" दारापाशी बाबा होते तिथे आता कोणी नव्हतं.

मग सर उठले. मला वाटलं आता माझी बाजू घेतील. त्यांनी घेतली नाही. म्हणाले, "निबंध मागे घेण्यात यावा. आधी माझं नाव आहे, म्हणून विनंती मी करतो. दोन आठवड्यांहून जास्त दिवस फॉर्म माझ्या कपाटात होते आणि खुणा मला पहिल्या दिवशी दिसल्या होत्या. मी गप्प राहिलो. मुलगी स्वतः सांगते का, ते मला पाहायचं होतं." मग म्हणाले, "ते पाहायचा मला अधिकार होता की नाही, याबद्दल मला आता शंका आहे."

आणि ते खाली बसले. पुढचा पेपर सुरू झाला.

नंतर परिषदेचा अहवाल छापून आला. त्यात 'मागे घेतलेले निबंध' या मथळ्याखाली एकच नाव होतं, प्रा. बावतीस आंद्रादे. माझं नव्हतं. ते त्यांनी सांगून काढून टाकलं होतं, असं कार्यालयातून कळलं. मनीषा म्हणाली, "बघ, शेवटी तेही स्वतःच्या नावावर घेतलं." मी या वेळी तिच्याशी वाद घातला नाही. पुस्तिकेत त्यांचं नाव आधी का छापलं होतं, मार्गदर्शकाचं आधी छापायची रीत म्हणून की असं काही होईल याचा त्यांना अंदाज होता म्हणून, हे मी त्यांना कधी विचारू शकले नाही.

परिषदेच्या दिवशी संध्याकाळी बाबा माझ्याआधीच घरी पोचले होते. म्हणाले, "रद्द झाला म्हणजे विषय संपला. बँकेचे फॉर्म आण."

आई आतून बाहेर आली. "मला विचारा ना."

"काय विचारू?"

"कायपण. सर येऊन विचारून जातात. तुम्ही एकदा विचारा."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. मग ते म्हणाले, "बरं. तुला काय वाटतं?"

"जाऊ दे तिला पुढे," आई म्हणाली, आणि उत्तर देऊन झालं तशी आत गेली. बाबांनी लगेच होकार दिला नाही. पण बँकेच्या फॉर्मांचा विषय त्यांनी परत काढला नाही, आणि जूनमध्ये मी एम.ए.ला नाव घातलं.

एम.ए. सुरू होण्याआधीच्या उन्हाळी सुट्टीत सरांनी मला साठही फॉर्म पुन्हा भरून घ्यायला लावले. आता ते कुठे वाचायचेही नव्हते आणि छापायचेही नव्हते. "मग कशासाठी, सर?" मी विचारलं. ते म्हणाले, "चुकीचे तर आपल्याकडे आहेत. बरोबरचे नकोत?" मी एकेका बाईला गच्चीवर नेत होते, टाकीच्या सावलीत बसवत होते आणि स्वतः लांब जिन्यापाशी थांबत होते. राणेकाकू पहिल्यांदा वैतागल्या. मग तासभर खाली आल्याच नाहीत.

आईचा फॉर्म मी घ्यायचा नाही, असं ठरलं होतं. तो घ्यायला सर स्वतः आले. आमच्या घराला दोनच खोल्या. मी बाहेर जिन्यात उभी राहिले. दार लोटलेलं होतं, पण पुरतं लागत नव्हतं, आणि फटीतून मला दिसत होतं. आई स्टुलावर बसली होती. फॉर्म मांडीवर, खाली माझी जुनी वही आधाराला. आई चौथीपर्यंत शिकलेली, पेन हातात धरायची तिला सवय नव्हती. ती एकेका शब्दावर बोट ठेवून ओठांनी वाचत होती. सर तिच्याकडे पाठ करून, भिंतीवरच्या कॅलेंडरला जवळजवळ नाक लावून उभे होते. हात मागे बांधलेले. आई कुठे थांबते, कुठे लगेच लिहिते, हे त्यांना दिसू नये म्हणून. तिला खूप वेळ लागला. त्यांनी पाय बदलला, पण मान वळवली नाही.

पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि मी शिकायला दुसरीकडे गेले. त्यानंतर आमची भेट झाली नाही. म्हणून मला सर आठवतात ते तसेच, शिक्षा झाल्यासारखे भिंतीकडे तोंड करून. आईने शेवटची खूण केली, फॉर्मची चार वेळा घडी घातली आणि मग वर बघितलं. तिला दाराच्या फटीत मी दिसले. तिने मला हाताने खूण केली, जा. आणि मी खाली उतरले.